फिंगर आणि पॅलेट धुण्याचं अल्कलाइन क्लीनर: अकरा महिने वापरल्यावर

गेली सतरा वर्षं मी वेव्ह सोल्डरिंग मशीनच्या देखभालीचं काम करते. या मशीनमध्ये सर्किट बोर्ड वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून नेऊन त्यावरच्या पिना जोडतात. बोर्ड ज्या साच्यात बसवून नेतात ते पॅलेट, आणि कन्व्हेयरवर कड धरून पुढे नेणारे चिमटे म्हणजे फिंगर. त्यातली सोळा वर्षं आठवड्याची शेवटची शिफ्ट म्हणजे आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) ट्रे, नायलॉनचा ब्रश आणि पॅलेटच्या खाचांत बसलेला करपलेला फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून बोर्डाला लावतात तो पदार्थ). घासून घासून मनगट भरून यायचं, बोटांची कातडी कोरडी पडून सोलायची, आणि इतकं करून पुढच्या शिफ्टला पाहावं तर कोपऱ्यातला तपकिरी थर तसाच. अकरा महिन्यांपूर्वी आम्ही पाण्यात मिसळायचं अल्कलाइन क्लीनर आणि त्यासाठी गरम फवाऱ्याचं वॉशिंग मशीन घेतलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या घडणीची क्लीनर बरेच जण बनवतात, आणि मला जे बरंवाईट दिसलं ते त्यातल्या बहुतेकांना लागू पडेल.

आधीच सांगून टाकते. पॅलेट आणि फिंगरसाठी हे क्लीनर मी पुन्हा घेईन. बाकीच्या मशीनसाठी घेणार नाही. आणि धुतल्यावर खळबळण्याची नीट सोय नसेल तर पॅलेटसाठीसुद्धा कोणी घेऊ नये.

पॅलेट स्वच्छ असणं ही नुसती दिसण्याची गोष्ट नाही. बोर्ड पॅलेटच्या ज्या कडेवर टेकतो तिथे फ्लक्सचा थर साचला की बोर्ड केसभर वर उचलला जातो. तेवढ्या फटीतून वितळलेलं सोल्डर आत घुसतं आणि ज्या एसएमडी भागांना (बोर्डाच्या पृष्ठभागावर बसवलेल्या बारीक भागांना) झाकण्यासाठी पॅलेट बनवलं, त्यांच्यावरच जाऊन बसतं. पॅलेटच्या ज्या खिडकीतून सोल्डर बोर्डाला लागतं, तिच्या कोपऱ्यात थर वाढला तर तिथल्या पिनांपर्यंत वेव्ह पोचत नाही. फिंगरचंही तेच. टायटॅनियमला सोल्डर धरत नाही म्हणून फिंगर टायटॅनियमच्या करतात, पण टायटॅनियमवर करपलेला फ्लक्स चढला की त्या चिकट थरावर सोल्डरचे बारीक गोळे अडकतात आणि पुढच्या बोर्डाच्या कडेवर जाऊन पडतात. आमच्याकडे रिवर्कच्या, म्हणजे दुरुस्तीच्या, टेबलावर कडेच्या शॉर्टची तक्रार वाढली की मी पहिल्यांदा फिंगर बघते, तापमानाचं प्रोफाइल नंतर.

क्लीनरचं काम साधं आहे. फ्लक्समध्ये राळ आणि सेंद्रिय आम्लं असतात. अल्कली त्यांच्याशी जुळली की साबणासारखा पाण्यात विरघळणारा पदार्थ तयार होतो आणि तो पाण्याबरोबर वाहून जातो. आयपीए ताजा फ्लक्स पटकन विरघळवतो, पण पॅलेट पुन्हा पुन्हा वेव्हवरून जाऊन जो थर भाजून कडक होतो, त्याच्यापुढे तो थकतो. गरम अल्कली त्या थराखाली शिरते. बाथ, म्हणजे टाकीतलं क्लीनर मिसळलेलं पाणी, ५५ अंश सेल्सिअसला, फवारा वीस मिनिटं, एवढ्यात आमची पॅलेट निघतात. पहिल्या दिवशी सगळ्यांत जुनं पॅलेट टाकलं होतं. बाहेर काढलं तेव्हा त्याच्या कडेला कोरलेला नंबर दिसला. तो नंबर तिथे आहे हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

सुरक्षेचा फायदा मला सगळ्यांत मोठा वाटतो. आयपीएचा फ्लॅश पॉइंट साधारण १२ अंशांचा, म्हणजे नेहमीच्या हवेतसुद्धा त्याची वाफ पेट घेऊ शकते. आणि आम्ही त्याचा उघडा ट्रे घेऊन बसायचो कुठे, तर वितळलेल्या सोल्डरच्या २५५ अंशांच्या पॉटपासून काही पावलांवर. तेव्हा ते सवयीचं होतं. आज आठवलं की अंगावर काटा येतो. क्लीनर पेटत नाही, पण म्हणून ते निरुपद्रवी नाही. गरम अल्कलीचा शिंतोडा डोळ्यात गेला तर कायमची इजा होऊ शकते. गॉगल, लांब बाह्यांचे नायट्राइल हातमोजे आणि एप्रन घातल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, आणि डोळे धुण्याचा नळ जवळ हवाच.

आता तक्रारी. पहिली बाथच्या मापाची. सोबत एक रिफ्रॅक्टोमीटर आणि एक तक्ता मिळाला. थेंब टाका, आकडा वाचा, तक्त्यात टक्केवारी पाहा. पहिले पाच-सहा आठवडे हे माप सुरळीत चाललं. मग पॅलेट चिकट निघायला लागली, आणि रिफ्रॅक्टोमीटर मात्र बाथ एकदम ठीक असल्याचं सांगत होता. मी दोनदा काच पुसून पाहिलं, दुसऱ्याकडून वाचून घेतलं, आकडा तोच. कारण नंतर लक्षात आलं. रिफ्रॅक्टोमीटर पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो. बाथमध्ये फ्लक्स विरघळत जातो, अल्कली खर्च होत जाते, आणि एकाची घट दुसऱ्याने भरून निघाल्यामुळे आकडा जागचा हलत नाही. आम्ही चांगलं क्लीनर समजून फ्लक्सचं पाणी मोजत होतो.

त्यावर उपाय टायट्रेशन. बाथचं ठरावीक माप घ्यायचं, सूचक रंगाचे दोन थेंब टाकायचे आणि रंग पालटेपर्यंत आम्लाचे थेंब मोजायचे. जितके थेंब, तितकी अल्कली शिल्लक. पाच मिनिटांचं काम आहे. आमच्या शिफ्टचा नवा ऑपरेटर पहिल्यांदा म्हणाला, ‘ताई, हे शाळेतल्या प्रयोगशाळेसारखं आहे.’ आता ते तोच करतो, दर तीन दिवसांनी, आणि आकडा भिंतीवरच्या कागदावर लिहितो. हे टायट्रेशनचं सामान विक्रेत्याने पहिल्या कॅनबरोबरच द्यायला हवं होतं. मागितल्यावर दिलं, पण तोवर दोन आठवडे अर्धवट धुतलेली पॅलेट लाइनवर गेली होती.

बाथची पातळी उतरली की काय भरायचं, यावरूनही गोंधळ झाला. गरम बाथमधून उडतं ते मुख्यतः पाणी. पातळी उतरली म्हणून कोणी क्लीनर ओतलं तर बाथ दाट होत जातो, खळबळायला जड जातो आणि फेस धरतो. उलट पॅलेटला चिकटून बाहेर जातो तो बाथ, पाणी आणि क्लीनर दोन्ही. म्हणून आधी पाण्याने पातळी भरायची, बाथ फिरवायचा, टायट्रेशन करायचं, मगच कमी असेल तर क्लीनर. बाथ थंड असताना पंप चालू केला तर फेसाने झाकणाच्या कडेतून बाहेर वाट काढली. तापल्यावर तोच बाथ शांत चालतो. हे माहितीपत्रकात होतं, पण शेवटच्या पानावर बारीक अक्षरात.

खळबळण्याविषयी मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण तिथेच आम्ही चुकलो. सुरुवातीला धुण्यावर सगळं लक्ष. खळबळणं म्हणजे नळाखाली एकदा फिरवून घेणं, एवढंच. तिसऱ्या आठवड्यात एका कनेक्टरच्या ओळीत सोल्डर न धरलेल्या पिना निघाल्या. रोज त्याच जागी, पॅलेटच्या त्याच बाजूला. फ्लक्सचं प्रमाण तपासलं, प्रीहीट (वेव्हच्या आधी बोर्ड तापवणारा भाग) तपासला, वेव्हची उंची तपासली. शेवटी ते पॅलेट ओलं करून त्या खाचेत पीएच पट्टी (आम्ल की अल्कली ते रंगाने दाखवणारी) लावली, तर ती गडद निळी झाली. खाचेत क्लीनर वाळून बसलं होतं. फ्लक्स काम करतो तो त्याच्यातल्या आम्लांमुळे. जे क्लीनर जुन्या फ्लक्सला काढतं, ते मागे राहिलं तर नव्या फ्लक्सचंही आम्ल मारतं. तांब्यावरचं ऑक्साइड तसंच राहतं आणि सोल्डर धरत नाही.

आता खळबळणं दोन टप्प्यांत होतं. पहिल्यांदा साध्या पाण्याचा फवारा, नंतर डीआय, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी. शेवटी पॅलेट तिरकं धरून खालच्या कोपऱ्यातून ओघळणाऱ्या थेंबावर पीएच पट्टी लावायची. पट्टीचा रंग ताज्या डीआय पाण्यात भिजवलेल्या पट्टीसारखा आला तरच ते वाळायला जातं. दुसरी एक परीक्षा मी जुन्या माणसांकडून शिकले. ओल्या पृष्ठभागावर पाण्याचा एकसंध पडदा राहतो का ते पाहायचं. पाणी मण्यांसारखं तुटून जमलं तर तिथे अजून थर आहे. पीएच पट्टी राहिलेलं क्लीनर दाखवते, पाण्याचा पडदा राहिलेला फ्लक्स. दोन्ही लागतात.

खळबळण्याचं पाणी गटारात सोडायचं नाही, हेही सांगते. त्यात फ्लक्सबरोबर कथील, तांबं आणि जुन्या लाइनवर शिसंही उतरलेलं असतं. आम्ही ते वेगळ्या टाकीत साठवून प्रक्रियेला पाठवतो. क्लीनर घेण्याआधी या पाण्याची व्यवस्था ठरवा. आम्ही नंतर ठरवली आणि पहिला महिना ड्रम ठेवायला जागा शोधण्यात गेला.

वाळवणं. कॉम्पोझिट पॅलेटच्या कापलेल्या कडा थोडं पाणी पितात. एकदा घाईत ओलसर पॅलेट लाइनवर चढवलं. वेव्हवर येताच तडतड आवाज झाला आणि बोर्डाच्या खालच्या बाजूला सोल्डरचे गोळेच गोळे. पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती सोल्डर उडवते. म्हणून आता कॉम्प्रेस्ड हवेने खाचा फुंकायच्या, मग गरम हवेच्या कपाटात तासभर. पॉटच्या बाबतीत तर ओलावा हा शत्रूच. ओला चमचा किंवा ओली सोल्डरची लादी पॉटमध्ये गेली तर वितळलेली धातू तोंडापर्यंत उसळते. हे मी पाहिलं आहे, सुदैवाने फेस शील्डच्या मागून.

ॲल्युमिनियमची गोष्ट अजून मनाला लागून आहे. आमच्या काही पॅलेटना ॲल्युमिनियमच्या ॲनोडाइझ केलेल्या पट्ट्या आहेत, बोर्ड वाकू नये म्हणून. क्लीनरवर ‘ॲल्युमिनियमला सुरक्षित’ असं लिहिलं होतं. शिफ्ट बदलताना निरोप चुकला आणि तीन पॅलेट रात्रभर बाथमध्ये बुडून राहिली. सकाळी पट्ट्या राखाडी झाल्या होत्या, हात लावला की पांढरी भुकटी निघत होती. ॲनोडाइझिंगचा थर अल्कलीत उतरतो, आणि सुरक्षित हा शब्द वीस मिनिटांसाठी होता, रात्रीसाठी नाही. विक्रेत्याशी बोलले तेव्हा त्यांनी हे मान्य केलं. मग ते लेबलवर का नाही, या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. त्या पट्ट्या बदलाव्या लागल्या. तेव्हापासून वॉशिंग मशीनच्या बाहेर आम्ही पॅलेटची संख्या लिहितो. आत किती, बाहेर किती, आणि शिफ्ट सोडणाऱ्याने सही.

फिंगर धुण्यासाठी हेच क्लीनर सौम्य करून आम्ही कन्व्हेयरच्या परतीच्या बाजूच्या टाकीत भरलं, जिथे फिरते ब्रश असतात. आयपीए असताना ती टाकी दिवसातून दोनदा भरावी लागायची, इतकं ते उडून जायचं. आता आठवडाभर पुरतं, आणि फिंगर खरोखर चकचकीत राहतात. अडचण एकच आली. आयपीए बोर्डापर्यंत पोचण्याआधी उडून जायचं, पाणी उडत नाही. ओल्या फिंगर बोर्डाची कड पकडायच्या आणि कडेचा फ्लक्स पातळ व्हायचा. टाकीच्या पुढे एक साध्या पाण्याचा ब्रश आणि त्यानंतर हवेची पट्टी बसवली तेव्हा ते थांबलं. तुमच्या मशीनला या दोन गोष्टी बसवायला जागा नसेल, तर फिंगर काढून वॉशिंग मशीनमध्ये धुवा. वेळ जातो, पण काढल्यावर वाकलेली फिंगरही हाती लागते, आणि वाकलेल्या एका फिंगरपायी बोर्ड पॉटमध्ये पडू शकतो.

विक्रेत्याच्या सादरीकरणात एक वाक्य होतं, की हे एकच क्लीनर संपूर्ण मशीनला चालतं. ते खरं नाही. बोर्डावर फ्लक्स फवारणाऱ्या स्प्रे फ्लक्सरची नोझल आणि नळी या क्लीनरने धुऊ नका. कारण वर सांगितलं तेच, आत राहिलेली अल्कली फ्लक्सला मारते, आणि नळीच्या आत पीएच पट्टी पोचत नाही. ज्या फ्लक्सचा जो थिनर असेल त्यानेच नोझल साफ करावी. प्रीहीटच्या क्वार्ट्झ नळ्यांवरही हे क्लीनर नको. क्वार्ट्झवर क्षाराचे डाग राहून ते तापले की काच हळूहळू पांढरी पडते आणि ठिसूळ होते. हाताच्या घामानेही तसंच होतं. नळ्या पूर्ण थंड झाल्यावर, स्वच्छ हातमोजे घालून, आयपीएच्या बोळ्याने पुसायच्या आणि ते उडून गेल्याशिवाय प्रीहीट चालू करायचा नाही. इथे अजूनही आयपीएच लागतं. एक्झॉस्टच्या डक्टमध्ये मात्र क्लीनरचा फेसाचा प्रकार चांगला चालला. तिथे साचलेला फ्लक्स पेट घेऊ शकतो, त्यामुळे तो चांगला मऊ होऊन खरवडून निघतो हे पाहून मला समाधान वाटलं.

आणि पॉट. पॉटला कुठलंच क्लीनर नाही. तिथे चमचा, गॅस मास्क, फेस शील्ड आणि माणूस. ड्रॉस, म्हणजे सोल्डरवर साचणारा मळ, म्हणून आपण जे काढतो त्यात ऑक्साइड थोडं आणि त्याच्या जाळ्यात अडकलेली चांगली धातूच जास्त असते, म्हणून भोकांचा चमचा पॉटवर जरा वेळ धरून धातू निथळू द्यायची. घाईने ड्रॉस ओढणारा माणूस सोल्डरच फेकत असतो.

शिशाच्या सोल्डरवर शिकलेल्या माझ्यासारख्यांना शिसेविरहित पॉटने एक सवय मोडायला लावली. युरोपात १ जुलै २००६ पासून रोह्सचा, म्हणजे शिशासारख्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा, नियम लागू झाला आणि एकेक लाइन बदलत गेली. बोर्डांवरचं तांबं पॉटमध्ये विरघळत राहतं आणि कथिलाबरोबर त्याच्या सुया बनतात. शिशाच्या पॉटमध्ये, जिथे सोल्डर १८३ अंशांना वितळतं, आम्ही तापमान १९० च्या आसपास उतरवून ठेवायचो. सुया हलक्या, त्या वर तरंगायच्या, सकाळी चमच्याने उचलायच्या. शिसेविरहित सोल्डर त्या सुयांपेक्षा हलकं असतं, त्यामुळे सुया तळाला बसतात, पंपाच्या आणि नोझलच्या वाटेत. वरून कितीही चमचा फिरवला तरी हाती लागत नाहीत. तिथे नियमित नमुना तपासणीला पाठवणं, तांबं वाढलं की तांबं नसलेल्या टॉप-अप मिश्रधातूने ते पातळ करणं, आणि फारच वाढलं तर पॉटमधली काही धातू काढून नवी भरणं, हेच मार्ग. तांबं १ टक्क्याकडे सरकलं की वेव्ह आळशी वाटायला लागते आणि पिनांमध्ये पूल धरतात. तपासणीचा कागद येण्याआधी ते माझ्या डोळ्यांना कळतं, तरी कागदाशिवाय मी पॉटला हात लावत नाही.

कथिलाचं प्रमाण जास्त असलेलं हे सोल्डर साधं स्टेनलेस स्टीलही खातं. म्हणून नोझल आणि पंपाच्या भागांवर संरक्षक थर असतो. त्यावर तारेचा ब्रश चालवणाऱ्याला मी थांबवते, कोणीही असो. चिकटलेला ड्रॉस धातू वितळलेली असतानाच बोथट पट्टीने ढकलायचा. थर एकदा ओरखडला की तिथून खड्डा पडायला सुरुवात होते.

पॉटविषयी एवढं लिहिलं, कारण क्लीनरने मला खरं काय दिलं ते तिथे दिसतं. पॅलेट घासण्यात आठवड्याचे साडेतीन तास जायचे. आता वॉशिंग मशीन भरायला, काढायला, पट्टी लावायला मिळून तास जातो. उरलेला वेळ मी पॉटला देते. गेल्या महिन्यात चिप-वेव्हची (एसएमडी भागांसाठीच्या पहिल्या, खळबळत्या लाटेची) नोझल प्लेट पहिल्यांदा पूर्ण उतरवून पाहिली. दोन ओळींमधली भोकं ड्रॉसने बुजली होती, आणि बोर्डाच्या त्याच पट्ट्यात एसएमडीच्या मागच्या बाजूला सोल्डर पोचत नसल्याची तक्रार आम्ही वर्षभर फ्लक्सच्या नावावर मांडत होतो. भोकं मोकळी केली, टेम्पर्ड काच वेव्हवरून नेऊन पाहिली, आणि पाण्यासारखी सरळ, समांतर छाप उमटली. आमचा तो नवा ऑपरेटर काच हातात धरून बराच वेळ बघत राहिला.

घेणाऱ्यांसाठी एवढंच. टायट्रेशनचं सामान पहिल्याच मागणीत लिहून घ्या. ॲल्युमिनियम, पितळ, लेबलं, जे जे तुमच्या पॅलेटवर आहे त्याचा एक तुकडा तुमच्या तापमानाला बाथमध्ये एक दिवस बुडवून पाहा, आणि तो पाहिल्याशिवाय मोठी मागणी देऊ नका. खळबळण्याची दुसरी टाकी आणि वाळवण्याचं कपाट यांची जागा आधी आखा. आमचा पुढचा कॅन पुढच्या आठवड्यात येतो आहे. या वेळी लेबलवर बुडवून ठेवण्याची कमाल वेळ छापून द्या, असं मी मागणीपत्रातच लिहिलं आहे.